घरातलं कुणी नको

जावयाला कामावरून काढायचं कसं, हे भिमाजीआप्पांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सालगडी काढले होते, दूध डेअरीतला मॅनेजर काढला होता, सोसायटीच्या निवडणुकीत सख्ख्या मेहुण्याचं पॅनेल पाडलं होतं. त्यातलं काहीच आज कामाला येणार नव्हतं. जावई गोकुळ काल संध्याकाळीच समृद्धीला घेऊन कवठ्याला मुक्कामी आला होता. रात्री त्यानं श्रीखंड दोनदा मागून घेतलं होतं. आता तो अंगणात उभा राहून बराखीत कांदा भरणाऱ्या बायकांशी हसून बोलत होता.

"आप्पा, सांगितलं का दाजींना?" इंद्रजीत मागून आला.

"चहा घेत्यात ते."

"काल जेवत होते, आज चहा घेतायत. तो कोल्हापूरचा माणूस दौंडला उतरलासुद्धा. अनिताताई त्याला घेऊन निघालीय."

"तू सांग की मग. मॅनेजर तूच हायस ना संघाचा?"

"मी मेहुणा आहे त्यांचा. तुम्ही मालक."

"मालक नंतर. आधी सासरा हाय मी."

मागच्या आठवड्यात त्यांचा फुटबॉल संघ 'दौंड जंक्शन' वरच्या लीगमधून खाली घसरला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं असंच चार वाक्यांत संपत होतं. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरली असती. तीही जमली नाही. रेल्वे मैदानावर लोकांनी कोच म्हणून गोकुळच्या नावानं शिमगा केला आणि मग, जाता जाता, भिमाजींच्या गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी नारळाची करवंटी ठेवून गेलं.

संघ खरं तर भिमाजींचा नव्हताच. तो काढला त्यांच्या थोरल्या भावानं, हौशीरामनं. कवठे येमाईचं रान सोडून हौशीराम दौंडला रेल्वेत फिटर झाला, तिथं तमिळ, गोवेकर आणि अँग्लो-इंडियन पोरांत फुटबॉल शिकला आणि त्याच मैदानावर त्यानं पहिला संघ उभा केला. पुढं डेअरीचा पैसा भिमाजींनी ओतला, तेव्हा संघ व्यावसायिक झाला. हौशीराम गेला. त्याचा हिस्सा त्याच्या बायकोकडं, अनिताच्या आईकडं, झुंबरबाईंकडं आला. उरलेल्या दोन हिश्श्यांतला एक भिमाजींचा, एक इंद्रजीतचा. तिघांचं एकमत झालं नाही, तर दोघांचं चालतं, असं ठरलेलं. आजवर तशी वेळ आली नव्हती. कारण आजवर सगळ्या खुर्च्यांवर घरातलीच माणसं होती.

"तुझा तो गोरा कोच कवा दिसणार हाय मोबाइलवर?" भिमाजींनी विचारलं.

"सर्बियाचा आहे तो. चार वाजता कॉल आहे. आप्पा, तो आला ना, तर नुसत्या फोटोवर दोन स्पॉन्सर येतील."

"आन् झेडपीच्या इलेक्शनला फ्लेक्सवर तुझ्या शेजारी गोरा माणूस उभा ऱ्हाईल. त्ये पण हाय."

इंद्रजीतनं नाकारलं नाही. हसला फक्त.

आतून झुंबरबाईंचा आवाज आला. "भावजी, पोहे किती माणसांचे करायचे? पोरगी बघाया आल्यागत चाललंय समदं."

भिमाजी अंगणाकडं वळले. गोकुळनं त्यांना पाहून हात वर केला. "मामा, कांदा यंदा चांगला पोसलाय," तो म्हणाला. भिमाजी "व्हय, पोसलाय," म्हणाले आणि परत घरात आले.

*

न्हावऱ्याच्या अलीकडं एका रसवंतीपाशी अनितानं गाडी थांबवली. मल्हारी अतिग्रे उतरले ते एक पाय जपत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असणार, तिनं मनात नोंद केली. अंगानं भरलेला, केस बारीक कापलेले, पन्नाशीच्या अलीकडचा माणूस. गोव्यात, बेंगळुरूत, ईशान्येकडं कोच म्हणून राहिलेला. जिथून निघाला तिथून भांडून निघाला, असं लोक सांगत. तिनं चौकशी केली होती. भांडला होता हे खरं, पण तो निघाल्यावर ते संघ खाली गेले, हेही खरं होतं.

"आलं जास्त घाल रं," त्यांनी रसवंतीवाल्याला सांगितलं आणि तिच्याकडं वळले. "तुमचे शेवटचे सामने बघितले मी. सगळे. रेकॉर्डिंग पाठवलंसा ते बरं केलंसा."

"मग?"

"संघ वाईट न्हाई. बेंचवर गर्दी लई हाय."

अनिता हसली. "म्हणजे?"

"म्हणजे कोच एक बोलतोय, त्याच्या मागं गॉगलवाला एक जण दुसरं बोलतोय, आणि पोरं दोघांकडं बघून तिसरंच करतायत. तो गॉगलवाला कोण?"

"इंद्रजीत. माझा चुलतभाऊ. मॅनेजर आहे."

"आणि नऊ नंबरचा तो ठोंब्या? प्रत्येक सामन्यात खेळतोय. का?"

"इंद्रजीतच्या मित्राचा भाऊ."

मल्हारींनी ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं. "मग कोचनं बसवला का न्हाई त्याला?"

"कोच आमचा जावई आहे."

एवढ्या चार शब्दांत सगळा मोसम सांगून झाल्यासारखं तिला वाटलं. गोकुळबद्दल तिला राग नव्हता. रेल्वे कॉलनीतल्या खलाशाचा तो मुलगा. बाबांनीच त्याला खेळात आणला, घरात आणला, आणि आप्पांची समृद्धी त्याला दिली गेली तेव्हा बाबा मांडवात सगळ्यात जास्त नाचले. उत्तम मिडफिल्डर होता. कोच झाल्यावर मात्र तो हळूहळू बोलेनासा झाला. गेल्या दिवाळीत तिनं त्याला एक सरावाचा आराखडा दाखवला होता, तर तो म्हणाला, "चांगलाय गं. पण कुणाला विचारायचं?"

पुन्हा गाडी सुरू झाली. उसाच्या मधून रस्ता सरळ शिरूरकडं जात होता. मल्हारी तिला प्रश्न विचारत राहिले. अठरा वर्षांखालची पोरं ती शिकवते, त्यांना समोरच्यावर दाब टाकत कसं खेळवते? चेंडू गेल्यावर पहिला कोण धावतो? ती सांगत गेली. एका वळणावर तर तिनं डाव्या हातानं डॅशबोर्डवर बचावफळीच काढून दाखवली आणि समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मल्हारींनी "बघा, बघा" म्हणून स्टिअरिंगला हात घातला. दोघंही हसले.

"कोचिंगचं लायसन्स कुठलं तुमचं?"

"ए. गेल्या वर्षी झालं."

"पुरुषांच्या संघाला मदतनीस व्हायचं म्हणताय?"

तिनं हे त्यांना सांगितलं नव्हतं. "म्हणतेय," ती म्हणाली.

शिरूरच्या बायपासपर्यंत मल्हारी खिडकीबाहेर बघत बसले. अनिताला वाटलं, विचार करतायत. ते खरंच होतं. फक्त काय विचार करतायत ते तिला कळलं नव्हतं.

*

इंद्रजीतनं गोकुळला सांगितलं होतं की आज एक सल्लागार भेटायला येणार आहे. पुढच्या मोसमाचं काही ठरवायचंय. गोकुळनं ते खरं मानलं, किंवा मानायचं ठरवलं. पण समृद्धी सकाळपासून त्याच्याशी जास्तच नीट बोलत होती. तिला काही माहीत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तिला नुसता वास आला होता.

पाहुणा आला. हॉलमध्ये सगळे जमले. मामा मधल्या सोफ्यावर, झुंबरमावशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, इंद्रजीत मोबाइल हातात धरून उभा. अनिता दारापाशी. गोकुळनं पाहुण्यासाठी पंख्याखालची खुर्ची सरकवली.

मल्हारी बसले नाहीत. आधी गोकुळचा हात हातात घेतला.

"तुमचा खेळ मी बघितलाय. रेल्वेकडून खेळत होतासा तवा. डावा पाय काय होता तुमचा! वाईट वाटलं बघा. पण आज हितं थांबलासा, मोठेपणा केलासा. दुसरा असता तर तोंड फिरवून गेला असता."

"कशाचं वाईट?" गोकुळ म्हणाला.

बाहेर कांद्याच्या पाट्या ओतल्याचा आवाज येत राहिला. मल्हारींनी एकेकाकडं बघितलं आणि शेवटी अनिताकडं.

"ह्यांना सांगितलं न्हाई?"

अनिताचं तोंड उतरलं. "मला वाटलं, काल रात्री..."

"मी भाईर बसतो," मल्हारी म्हणाले. "तुमचं आवरलं की हाक मारा. माणूस खुर्चीत बसलेला असताना तिचा सौदा मी करत न्हाई." आणि खरोखरच पाय जपत पायऱ्या उतरून ते अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसले.

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली समृद्धी दारातच थांबली होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला. आवाज झाला नाही, पण सगळ्यांनी मान वर केली.

"आप्पा, काल तुम्ही ह्यांना आग्रह करून श्रीखंड वाढत होता, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय," भिमाजी म्हणाले.

"आणि तुला, इंद्रा?"

"समू, हा प्रोफेशनल डिसिजन आहे. त्यात पर्सनल..."

"तू गप. मी आप्पांना विचारतेय. आमच्या सासूबाई शेजारपाजारी काय सांगतील, जावयाला जेवू घातलं आणि हाकललं?"

"समृद्धी," गोकुळ म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो शांत होता. "मामांना बोलू दे. मामा, तुम्ही मला सांगा. दुसऱ्या कुणाकडून मी ऐकणार नाही."

भिमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. ग्रामसभेत तासभर बोलणारा माणूस. गोकुळला त्यांची कीव आली; पण त्यानं मदत केली नाही. एवढं तरी त्यांनी करावं.

"गोकुळराव," भिमाजी म्हणाले, "तुम्ही आता कोच न्हाई."

"बरं," गोकुळ म्हणाला.

त्याला वाटलं होतं, जमीन फाटेल. लाज तर वाटलीच, कानशिलं तापली. पण त्या तापाखाली आणखी काहीतरी होतं आणि ते काय आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. त्याला आता त्या नऊ नंबरला खेळवावं लागणार नव्हतं. सामन्याच्या आदल्या दिवशी इंद्रजीतचा फोन येणार नव्हता. हरल्यावर सासऱ्याच्या घरी जाऊन जेवायचं, आणि ते काहीच बोलत नाहीत म्हणून घास गिळवायचा नाही, हेही संपलं होतं.

"जावई नसतो तर मी तीन महिन्यांपूर्वीच भांडलो असतो," तो म्हणाला. "आणि जावई नसतो तर तुम्ही मला तेव्हाच काढलं असतं. दोघांचंही चुकलं नाही. जागाच चुकीची होती."

समृद्धी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. इंद्रजीत काहीतरी म्हणणार होता, तिनं बोट नुसतं वर केलं.

गोकुळ बाहेर गेला. आंब्याखाली मल्हारी रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसले होते.

"या आत," गोकुळ म्हणाला. "आवरलं आमचं. फक्त एक विचारू? माझ्या पोरांचं काय करणार?"

"ज्याला खेळायचंय त्याला ठेवणार."

"तो गोलकीपर, म्हाळू, त्याला रागावून बोलू नका. तो मग दोन दिवस जेवत नाही."

मल्हारींनी मान हलवली आणि उठायला हात पुढं केला. गोकुळनं तो धरला.

*

झुंबरबाईंना फुटबॉल आवडत नव्हता. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत अकरा पोरांचे चिखलाचे बूट, त्यांची भूक, त्यांची भांडणं. सगळं त्यांनी केलं आणि एकही सामना पुरता पाहिला नाही. हौशीराम गेल्यावर भिमाजींनी विचारलं होतं, "वहिनी, हिस्सा माझ्या नावावर करायचा का? तुम्हाला कशाला डोकेदुखी?" त्या नाही म्हणाल्या. भावजींना वाटलं, नवऱ्याची आठवण म्हणून. तसं नव्हतं. अनितानं लग्न मोडून दौंडला परत येऊन मैदानावर उभं राहायला सुरुवात केली होती आणि कधीतरी ती खुर्ची हिची व्हावी, एवढ्यासाठी झुंबरबाईंनी तो हिस्सा पदराला बांधून ठेवला होता.

म्हणून त्या आता प्रत्येक शब्द नीट ऐकत होत्या.

"माझी माणसं मी आणणार," मल्हारी सांगत होते. "एक मदतनीस, एक गोलकीपरचा कोच, एक फिजिओ. तिघंही माझ्याबरोबर आधी काम केलेले. मॅनेजर तुम्ही शोधा, पण भाईरचा. पुण्याचा सुमित म्हणून एक पोरगा हाय, मागच्या क्लबात व्यवहार तोच बघत होता, त्याला भेटा. न्हाई आवडला तर दुसरा बघा. आणि शेवटचं. घरातलं कुणी नको. बेंचवर न्हाई, ड्रेसिंग रूममध्ये न्हाई, सरावालाही न्हाई."

"म्हणजे मीही नाही?" इंद्रजीत म्हणाला.

"तुम्ही तर पहिल्यांदा न्हाई."

"क्लब आमचा आहे, अतिग्रेसाहेब."

"हाय की. मोसम संपल्यावर हिशेब मागा, हरलो तर काढा. पण मधल्या काळात मी हाय तिथं तुम्ही नसणार."

झुंबरबाई पुढं सरकल्या. "आमच्या अनिताचं काय? ती घरातली म्हणून न्हाई, कोच म्हणून हाय तिथं. परीक्षा दिलीय तिनं."

मल्हारींनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"बाई, ती चांगली कोच हाय. रस्त्यात कळलं मला. म्हणून तर अवघड झालंय."

"मग ठेवा की मदतनीस. तुमचा एक माणूस कमी आणा."

"उद्या तिनं मैदानावर मला चूक म्हटलं. म्हणावंच मदतनीसानं. तर ते कोच बोलतोय का मालकाची पुतणी, पोरांना कसं कळणार? मला तरी कसं कळणार? आणि मी तिला चूक म्हटलं, तर संध्याकाळी तुमच्या घरी काय शिजणार? ह्या माणसाचं काय झालं, आत्ताच बघितलासा."

गोकुळ खाली बघत बसला होता.

"मला हे मान्य नाही," इंद्रजीत म्हणाला. "माझं मत सर्बियाच्या कोचला. आप्पा?"

भिमाजींनी आधी जावयाकडं बघितलं. मग म्हणाले, "माझं ह्यांना. मला परत कुणा घरच्या माणसाला आजच्यागत सांगाया लागू ने."

दोन्ही बाजूंना एकेक मत. सगळ्यांची तोंडं झुंबरबाईंकडं वळली. त्या उठल्या आणि सरळ मागच्या दारी गेल्या. अनिता त्यांच्यामागून आली.

मागं गवती चहाचं बेट होतं, धुण्याचा दगड होता. झुंबरबाई दगडावर बसल्या.

"इंद्राला व्हय म्हणते मी," त्या म्हणाल्या. "त्याचा तो गोरा येऊ दे. इंद्राला तुझं काय वावडं न्हाई, तो तुला मदतनीस ठेवंल. मी अटच घालते."

"ठेवेल. आणि नऊ नंबरला तोच मुलगा ठेवेल."

"ठेवंना का! तुला काय त्याचं?"

"आई, गोकुळचं जे झालं तेच माझं होईल. मला पाच वर्षं लागतील एवढंच."

"तूच आणलास ना ह्याला? तुला ठाऊक नव्हतं तो काय बोलंल?"

"नव्हतं." अनिता तिच्यासमोर उकिडवी बसली. "गाडीत मला वाटत होतं, हा मला घेईल. शिरूरपर्यंत मी मनात मैदानावर उभी होते त्याच्या शेजारी. आत त्यानं सांगितलं तेव्हा मला मारावंसं वाटलं त्याला."

"मग मारायचं की."

"पण तो बरोबर आहे ना, आई. हो म्हण."

"तुझ्या बापानं उभं केलेलं. त्यातून मी माझ्या हातानं तुला काढू?"

"बाबांनी संघ उभा केला तेव्हा त्यात त्यांच्या घरातलं कोण होतं?"

झुंबरबाईंना ते सगळे आठवले. अँथनी, वेलू, मुक्ताबाईचा बन्सी, तो गोरापान डिसोझा, ज्याला तिखट चालायचं नाही. भाऊ शेतात होता, मेहुणे शेतात होते. त्या वेळी हौशीरामला घरातून एक माणूस मिळाला नव्हता आणि त्यावरून तो किती दिवस कुढत होता.

"त्याला कुणी मिळालं न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच जमलं असेल."

झुंबरबाईंनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. तशी त्यांची रीत नव्हती. तिच्या खांद्यावरचा कांद्याचा पापुद्रा तेवढा काढून टाकला.

"तू कुठं जाशील मग?"

"बघू. गोव्यात बायकांचा एक संघ आहे, तिथं जागा निघालीय. मी अर्ज केला नव्हता. इथलं होईल म्हणून."

"लांब हाय."

"हो."

झुंबरबाई आत गेल्या. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "माझं मत ह्यांना." मग मल्हारींकडं वळून, "पर एक ऐका. माझी पोरगी दुसरीकडं नाव काढून आली, तर तवा ती घरातली हाय म्हणून तिला दारातनं माघारी लावायची न्हाई."

"तवा मी हितं असलो तर बघू की, बाई," मल्हारी म्हणाले. "कोचचा काय भरवसा."

ते खोटं बोलले असते तर झुंबरबाईंना बरं वाटलं असतं. पण मग त्यांनी मत फिरवलंही असतं.

चार वाजता इंद्रजीतचा मोबाइल वाजत राहिला. पडद्यावर सर्बियाच्या कोचचा फोटो दिसत होता, कोट घातलेला. इंद्रजीतनं फोन उचलला, बाहेर गेला आणि बराच वेळ इंग्रजीत काहीबाही सांगत राहिला. आत समृद्धी पोहे गरम करत होती. कुणीच ते खाल्ले नव्हते.

*

सराव सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात भिमाजी कुणाला न सांगता दौंडला गेले. डेअरीच्या कामाला जातो म्हणाले. इंद्रजीत अजून नीट बोलत नव्हता. तरी गावातल्या फ्लेक्सवर 'नव्या युगाची सुरुवात' आणि त्याखाली त्याचाच फोटो लागला होता. अनिता गोव्याला मुलाखत देऊन आली होती. तिथून अजून काहीच कळलं नव्हतं, आणि ती रोज सकाळी पत्रपेटीत बघितल्यासारखा मोबाइल बघत होती.

मैदानाच्या फाटकावर बन्सी होता. हौशीरामच्या पहिल्या संघातला. गुडघे गेल्यापासून फाटक सांभाळायचा.

"मालक," बन्सी उभा राहिला. त्यानं फाटक उघडलं नाही.

"काय रं?"

"नव्या सायबांनी सांगितलंय. सरावाला घरातलं कुणी न्हाई."

"त्ये मीच मान्य केलंय. पर म्या आत बसतो नुसता, एका कडंला."

"बसा की. तुम्ही म्हणलात तर मी उघडीन." बन्सीनं कडीला हात लावला आणि तिथंच थांबला. "फक्त मला मग त्यांना सांगावं लागंल, मालकांनी उघडाया लावलं म्हणून."

भिमाजींना राग आला. स्वतःच्या पैशाच्या मैदानाबाहेर ते छत्री घेऊन उभे होते. आत शिट्टी वाजली, पोरं ओरडली, चेंडूचा धप्प आवाज आला. बन्सी कडीवर हात ठेवून वाट बघत होता.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

मैदानाला वळसा घालून ते रेल्वेच्या बाजूला गेले. तिथं भिंत बुटकी होती आणि कॉलनीतली फुकटी मंडळी कायम तिथूनच खेळ बघत. आज एकच माणूस होता. भिंतीवर कोपरं टेकवून, शेंगा सोलत उभा. जवळ गेल्यावर भिमाजींनी त्याला ओळखलं. माघारी फिरावं का, असं वाटलं. त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. समृद्धी एकटीच माहेरी येऊन जात होती.

गोकुळनं त्यांना पाहिलं. सरकून जागा केली.

"तुम्हालाही सोडलं नाही?"

"न्हाई."

"मी तर विचारलंच नाही. म्हटलं, कशाला."

दोघं उभे राहिले. मैदानावर मल्हारी एका ठिकाणी उभे होते आणि पोरं त्यांच्याभोवती पळत होती. मध्येच ते शिट्टी वाजवायचे, सगळे जागच्या जागी थांबायचे, मग एखाद्याला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडं सरकवायचे आणि पुन्हा शिट्टी. गोलमध्ये म्हाळू. त्याच्यापाशी गोलकीपरचा नवा कोच बसून काहीतरी समजावत होता, अगदी हळू.

भिमाजींनी हे मैदान विकत घेतल्यासारखंच बाळगलं होतं. प्रत्येक सामन्याला ते पुढच्या रांगेत बसले होते, हार घातले होते, निकाल विचारला होता.

"गोकुळराव," ते म्हणाले, "त्या पोराला दर टायमाला डावीकडं का ढकलत्यात?"

गोकुळनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. सासऱ्याकडं बघितलं. थट्टा नव्हती.

"तो मागं राहिला की तिथं मोकळी जागा पडते, मामा. बघा, तो चेंडू आता तिथनंच येईल."

चेंडू तिथूनच आला.

"आन् मग त्यो मधला का धावत न्हाई?"

"तो धावला तर त्याच्या मागची जागा मोकळी पडेल." गोकुळनं मूठभर शेंगा त्यांच्यापुढं केल्या. "थांबा, सांगतो. इथून नीट दिसत नाही, जरा इकडं या."

भिमाजींनी छत्री भिंतीला टेकवली आणि जावयाच्या बाजूला सरकले.